३४ किलोमीटर अलीकडे : ठाण्यातला समलिंगी चित्रपट महोत्सव

सभागृहाचा पत्ता शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मोबाइलवर आला. नोंदणी तीन आठवड्यांपूर्वीच झाली होती, पैसे भरले होते, कार्यक्रमपत्रिकाही मिळाली होती. फक्त तिच्यात ठिकाणाच्या जागी 'ठाणे पश्चिम, स्थानकापासून पायी अंतरावर' एवढेच छापलेले होते. संदेशाखाली विनंती होती की पत्ता पुढे पाठवू नये आणि समाजमाध्यमांवर टाकू नये. ती विनंती मीही पाळतो आहे. म्हणून या परीक्षणात महोत्सवाचे, सभागृहाचे किंवा आयोजकांचे नाव येणार नाही, आणि लघुपटांची नावेही त्यांच्या कर्त्यांच्या इच्छेवरून देत नाही. नावे नसलेले परीक्षण अर्धवट वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु या महोत्सवाबद्दल जे सांगण्यासारखे आहे ते नावांवाचून सांगता येते.

पत्ता वाचून मी दचकलो, कारण नौपाड्यातले ते सभागृह माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तेथे मी मुंजींची जेवणे जेवलो आहे, दिवाळीआधीच्या प्रदर्शनातून आईसाठी आकाशकंदील आणला आहे, आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेची एक वादळी वार्षिक सर्वसाधारण सभा तेथेच झाली होती. याआधी असे चित्रपट पाहायचे तर मुंबईला जावे लागे. २०१० साली सुरू झालेला 'कशिश' हा मुंबईचा मोठा क्वीअर, म्हणजे समलिंगी-पारलिंगी माणसांचा, चित्रपट महोत्सव मी अनेक वर्षे पाहिला, बहुतेक वेळा लिबर्टी चित्रपटगृहात. १९४९ साली उघडलेल्या त्या वास्तूचा लाकडी थाट, भव्य पडदा, देशोदेशींचे पाहुणे, सगळेच डोळे दिपवणारे. ठाण्याहून सीएसएमटी, तेथून आझाद मैदानाच्या कडेने मेट्रो चित्रपटगृहापर्यंत चालत, आणि परतताना शेवटच्या गाड्यांपैकी एखादी धीमी लोकल, असा तो दिवसभराचा कार्यक्रम असे. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हा तिने ३४ किलोमीटर अंतर तोडले होते. माझ्यासारख्या अनेकांना तेच अंतर आडोशासारखे उपयोगी पडत आले. घरी 'फोर्टात काम आहे' असे सांगता येई आणि चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर शेजारीपाजारी भेटण्याची शक्यता जवळजवळ नसे.

घराजवळचा महोत्सव हा आडोसा काढून घेतो. त्यामुळे त्याची पारख निवडलेल्या चित्रपटांवरून जितकी करायची तितकीच, किंबहुना थोडी अधिक, दारातून आत येणाऱ्या माणसाची तो किती काळजी घेतो यावरून केली पाहिजे, असे मला वाटते. या कसोटीवर हा महोत्सव चांगला उतरला. चित्रपट दाखवण्याच्या साध्या कसोटीवर तो कमी पडला, आणि तेथे आयोजकांना सवलत देण्याचे कारण मला दिसत नाही.

शुल्क दोन दिवसांचे मिळून ३०० रुपये आणि विद्यार्थ्यांसाठी १०० रुपये होते. याला तिकीट न म्हणता प्रतिनिधी शुल्क म्हणतात, त्यामागे कायद्याचे कारण आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपल्या बोलीतल्या सेन्सॉरचे, प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून यातून सूट मिळू शकते. मात्र ती अव्यावसायिक प्रदर्शनासाठी आणि नोंदणी केलेल्या प्रौढ प्रतिनिधींपुरती असते. त्यामुळे दारात प्रत्येकाच्या वयाचा पुरावा पाहिला जात होता. माझ्यासमोर एक बाई आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या आणि त्यांना आत जाता आले नाही. स्वयंसेविकेने त्यांना बाजूला बसवून चहा दिला, समुपदेशकाशी गाठ घालून दिली आणि पुढच्या महिन्यातल्या पालकांच्या बैठकीची माहिती लिहून दिली. नियमापुढे तिचा इलाज नव्हता, हे खरे. परंतु ज्या वयात असा एखादा चित्रपट पाहायला मिळावा असे आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होते, नेमके तेच वय दाराबाहेर राहते, ही गोष्ट त्या मुलाकडे पाहताना बोचली.

नोंदणीच्या अर्जात नावाचे दोन रकाने होते, एक ओळखपत्रावरच्या नावाचा आणि दुसरा हाक मारायच्या नावाचा. पहिले नाव दारातली एकच व्यक्ती पाहत असे आणि गळ्यात अडकवायच्या पट्टीवर फक्त दुसरे नाव लिहिलेले असे. ज्यांचे कागदोपत्री नाव आणि खरे नाव वेगळे आहे अशा पारलिंगी व्यक्तींना बँकेत, दवाखान्यात, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर काय सोसावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोन रकान्यांची किंमत कळेल. पट्टीची फीत हिरवी असेल तर छायाचित्र काढलेले चालते आणि लाल असेल तर चालत नाही, असा संकेत होता. शिवाय प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कागदाची गोल चकती चिकटवली जात होती. माझी फीत लाल होती. माझ्या रांगेतल्या अकरा जणांपैकी आठ जणांची लाल होती, आणि हे आकडे कोणत्याही भाषणापेक्षा ठाण्याची परिस्थिती अधिक नेमकी सांगतात. दुसऱ्या दिवशी आयोजकांच्याच छायाचित्रकाराने व्यासपीठावरून सगळ्या सभागृहाचे एक छायाचित्र काढले, तेव्हा लाल फितीवाल्या दोघांनी उठून हरकत घेतली. चर्चा न करता, क्षमा मागून, कॅमेऱ्याचा पडदा त्या दोघांना दाखवून ते छायाचित्र तेथल्या तेथे पुसले गेले. चूक झाली आणि ती निस्तरली कशी गेली, हे दोन्ही मी महोत्सवाच्या खात्यावर मांडतो.

आता सभागृहाविषयी. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृह अशा उपक्रमाच्या आवाक्यातले नाही, हे समजण्यासारखे आहे. पण सपाट जमिनीचे, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेले सभागृह घेतले की पडदा उंच लावावा लागतो. तो तसा लावलेला नव्हता. सबटायटल्स पडद्याच्या तळाशी येतात, म्हणजे नेमके तेथे, जेथे पुढच्या माणसाचे डोके असते. चौथ्या रांगेपासून मागे बसलेले सगळे प्रेक्षक पहिला दिवसभर माना वाकड्या करून वाचत होते. एका आजोबांनी तर अखेर उभे राहून भिंतीला टेकूनच पूर्ण सत्र पाहिले. पडदा दोन फूट वर घेण्यासाठी खर्च येत नाही, आदल्या दिवशी खुर्चीत बसून पाहावे लागते इतकेच. खिडक्यांना काळा कागद लावला होता, पण दुपारी पश्चिमेच्या फटींतून ऊन पडद्यावर येत होते आणि रात्रीची दृश्ये राखाडी दिसत होती.

त्याहून मोठी तक्रार आवाजाची. पहिल्या दोन लघुपटांत पावसाचा आवाज, रिक्षाचा हॉर्न, पार्श्वसंगीत हे सारे स्वच्छ ऐकू येत होते आणि माणसे मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटत होती. चित्रपटाचा ध्वनी अनेकदा सहा वाहिन्यांत विभागलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत ठेवलेले असतात. सभागृहात डावा-उजवा असे दोनच स्पीकर असतील आणि संगणकावर सहा वाहिन्यांचे दोन वाहिन्यांत मिश्रण करण्याची सोय चालू केलेली नसेल, तर मधली वाहिनी गळून पडते आणि तिच्याबरोबर संवादही जातात. फिल्म सोसायट्यांचे खेळ चालवणाऱ्या कोणालाही हा अनुभव असतो. मध्यंतरात कोणीतरी ते ओळखून दुरुस्त केले, त्यानंतर दोन्ही दिवस आवाजाची तक्रार राहिली नाही. पण पहिल्या सत्रातला दुसरा लघुपट, जो जवळजवळ संपूर्णपणे दोन माणसांच्या कुजबुजीवर उभा होता, तो त्या दिवशी कोणीच पाहिला नाही असे म्हणावे लागेल.

चित्रपट एकूण चौदा होते. पहिल्या दिवशी लघुपटांची दोन सत्रे, दुसऱ्या दिवशी सकाळी माहितीपट, दुपारी स्त्रियांचे सत्र आणि संध्याकाळी एक पूर्ण लांबीचा चित्रपट व त्यानंतर चर्चा, अशी मांडणी होती.

त्यातला सर्वांत चांगला लघुपट जेमतेम चौदा मिनिटांचा होता. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे दोन तरुण कोपरखैरण्यात एका खोलीत राहतात. एकाचे आईवडील साताऱ्याहून येतात, कारण वाशीत राहणाऱ्या नातेवाइकांनी मुलीचे स्थळ सुचवले आहे आणि मुलीकडची मंडळी आधी मुलाची खोली पाहायला येणार आहेत. या उलट्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे करायची जबाबदारी 'रूममेट'वर येते. सबंध लघुपट त्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी घडतो. पाहुणे फक्त आवाजांतून कळतात. तो कांदा चिरतो, फोडणी करतो, पोहे परततो आणि सगळ्या बशा भरल्यावर त्यांतल्या एका बशीतले शेंगदाणे एकेक करून बोटांनी वेचून काढतो, कारण ती बशी ज्याच्यासाठी आहे त्याला शेंगदाणे चालत नाहीत. दारात उभी असलेली आई ते पाहते. ती काही बोलत नाही, फक्त बशांचा ट्रे त्याच्या हातून घेते आणि ती एक बशी ओट्यावरच ठेवते. तिने ती का ठेवली याबद्दल मध्यंतरात आमच्या गटात तीन मते पडली. दिग्दर्शक तेथेच चहा पीत उभा होता आणि त्याने कोणाचेच मत खोडले नाही.

याउलट एक बावीस मिनिटांचा लघुपट समुद्राकडे तोंड असलेल्या सदनिकेत घडत होता, त्यात पुष्कळ पांढरे पडदे होते, शॉवरखाली रडणे होते आणि माणसे काय काम करतात याचा पत्ता नव्हता. त्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे नाही. एकंदर निवडीत रडणे जास्त होते. नऊपैकी पाच लघुपटांत कोणीतरी मरते, घर सोडते किंवा लग्नाच्या मांडवात उभे राहते. भांडखोर, मजेशीर किंवा नुसत्याच संसारी जोडप्याची एकही गोष्ट निवड समितीला मिळाली नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

स्त्रियांच्या सत्राला दुपारी दोनची वेळ दिली होती. रविवारी जेवणानंतरची ही वेळ नाटकाच्या व्यवस्थापकांच्या भाषेत पडेल वेळ. सभागृह निम्मे रिकामे होते आणि उकाडाही तेव्हाच अधिक होता. चौदापैकी स्त्रियांचे चित्रपट तीन होते. आपल्याकडे समलिंगी चळवळ म्हटली की पुरुषांची चळवळ समजली जाते, ही तक्रार मुंबईत नव्वदच्या दशकापासून स्वतंत्रपणे संघटित होत आलेल्या लेस्बियन स्त्रियांनी वारंवार मांडली आहे, आणि नव्याने सुरू होणाऱ्या महोत्सवाने ती पुन्हा ओढवून घ्यावी याचे वाईट वाटले. वाईट अशासाठीही की दोन दिवसांतला सर्वांत श्रीमंत ऐवज याच सत्रात होता. पनवेलच्या पलीकडे एका गावात एकत्र राहणाऱ्या दोन निवृत्त परिचारिकांवरचा हा चाळीस मिनिटांचा माहितीपट. गाव त्यांना 'दोघी बाई' म्हणते. विहिरीवरचा पंप, कोंबड्या, मधुमेहाच्या गोळ्या, शेजारच्या पोराला शिकवलेले पाढे, असे त्यांचे दिवस कॅमेरा घाई न करता पाहतो. माहितीपट करणारी तरुणी तीनदा त्यांना विचारते की, तुमच्या या नात्याला तुम्ही काय नाव द्याल. दोन वेळा त्या विषय बदलतात. तिसऱ्या वेळी मोठ्या बाई वाल सोलता सोलता म्हणतात, "नावं ठेवायला लोक आहेत की. आम्ही कशाला ठेवू?" सभागृहात आधी हशा झाला आणि मग बराच वेळ कोणी हलले नाही. हे वाक्य फक्त मराठीत शक्य आहे, आणि घराजवळच्या महोत्सवाची गरज काय असे विचारणाऱ्यांना मी हेच वाक्य ऐकवीन.

येथे सबटायटल्सचा विषय निघतो आणि त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण परभाषेतल्या सर्व चित्रपटांना मराठी सबटायटल्स देणे हा या महोत्सवाचा सर्वांत धाडसी निर्णय होता. डोंबिवली, बदलापूर, ऐरोली, घणसोलीहून आलेल्या प्रेक्षकांत इंग्रजी सबटायटल्स त्या वेगाने वाचू न शकणारे अनेक जण होते, आणि मुलामुलींनी बरोबर आणलेल्या आया तर होत्याच. त्या सगळ्यांनी स्पॅनिश चित्रपट मराठीत वाचून पाहिला, ही साधी गोष्ट नाही. भाषांतर स्वयंसेवकांनी केले होते आणि त्यांचे कष्ट दिसत होते. तरीही काही ठिकाणी इंग्रजी वाक्य तसेच मराठीत उतरलेले होते. एका पात्राने आपल्या बहिणीला 'मी गेल्या वर्षी आईसमोर बाहेर आलो' असे सांगितले, तेव्हा माझ्या मागच्या बाईंनी 'कुठून, तुरुंगातून?' असे हळूच विचारले. आपल्यात याला 'घरी सांगितले' म्हणतात. कोणी नवा भेटला की 'घरी माहीत आहे का?' हाच पहिला प्रश्न असतो. शब्द तयार असताना तो न वापरणे हा आळस म्हणायचा की इंग्रजीचा धाक, हे मला ठरवता आले नाही.

अधिक अवघड प्रश्न लिंगाचा होता. रविवारचा मुख्य चित्रपट एका पारलिंगी तरुणाचा होता. मुलगी म्हणून वाढवलेला तो घरात हळूहळू आपले पुरुषपण सांगू लागतो. स्पॅनिशमध्ये 'मी दमलो' आणि 'मी दमले' यांसाठी विशेषणाची वेगळी रूपे आहेत, मराठीत क्रियापदाची वेगळी रूपे आहेत, पण मधल्या इंग्रजी भाषांतरात हा फरक पुसला जातो. मराठी भाषांतर इंग्रजीवरून केलेले असल्याने मूळ चित्रपटाने दिलेली आणि मराठीला हवी असलेली गोष्ट वाटेतच हरवली होती आणि भाषांतरकाराला ती स्वतः ठरवावी लागली. त्याने किंवा तिने जे केले ते मला फार आवडले. पहिल्या अर्ध्या तासात नायकाची वाक्ये 'मला जायचं आहे', 'मला झोप येत नाही', 'माझं डोकं दुखतं' अशी रचली होती. 'मला'ने सुरू होणाऱ्या वाक्यांत बोलणाऱ्याचे लिंग लपते, ही मराठीची सोय किती जणांच्या लक्षात येते! मग आजोबांच्या जुन्या सदऱ्याच्या दृश्यात तो प्रथमच 'मी आलो' म्हणतो. पडद्यावर तो 'लो' उमटला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने जोरात श्वास घेतला. दुर्दैवाने पुढे वीस मिनिटांनी कोणीतरी दुसऱ्याने केलेला भाग असावा, कारण तोच नायक तीन वाक्यांत 'गेले', 'बसले', 'म्हणाले' करत राहिला आणि इतक्या निगुतीने बांधलेले सारे ढासळले. सबटायटल्स एकाच नजरेखालून शेवटी जायला हवीत. (कोल्हापूरकडच्या एक बाई नंतर म्हणाल्या, आमच्याकडे बायकाही 'मी आलो' म्हणतात, मग आमचे काय? भाषांतरकारांनी हा प्रश्न फार मनावर घेऊ नये.) एका लघुपटात अक्षरटंक, म्हणजे फॉन्ट, नीट न बसल्याने जोडाक्षरे फुटून त्यांच्या जागी ठिपक्यांची वर्तुळे दिसत होती, हाही आदल्या रात्रीच्या तालमीने टळण्यासारखा दोष.

मध्यंतरातली व्यवस्था सुरेख होती. तृतीयपंथी भगिनींच्या एका बचत गटाने बटाटेवडे, चहा आणि दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली होती. वडा वीस रुपयांना, मिरची खरोखरच तिखट. पाव मात्र शनिवारी सहालाच संपले. येथेच, चहाच्या टेबलापाशी, मला आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ दिसले. वय साठीच्या पुढे, गळ्यात लाल फीत. सभेत पार्किंगवरून ते आणि मी कडाडून भांडलो आहोत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, दोघांनीही चहाचे पेले उचलले आणि दोन दिशांना गेलो. पहिल्या सत्रानंतर ते मला पुन्हा दिसले नाहीत.

रविवारच्या चर्चेत दोन आया, एक वकील आणि एक समुपदेशक होते. आयांपैकी एक म्हणाल्या की मुलगी सांगत होती तेव्हा त्या मेथी निवडत होत्या, आणि तिचे बोलणे संपले तरी त्या निवडतच राहिल्या, देठ आणि पाने एकाच टोपलीत पडत होती. यावर सूत्रसंचालकाने 'किती प्रेरणादायी' असे म्हणायला नको होते. वकीलबाईंचे बोलणे मात्र सगळ्यांनी वहीत उतरवून घ्यावे असे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाची मान्यता नाकारली, या दोहोंच्या मधल्या जागेत आज काय करता येते, एवढ्यावरच त्या बोलल्या. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबात धरावे, अशीही सूचना केंद्राने राज्यांना दिलेली आहे. गृहनिर्माण संस्थेत जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात घातले म्हणजे घर त्याचे झाले, ही समजूत चुकीची आहे, नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे, त्यासाठी मृत्युपत्र करा, हे त्यांनी दोनदा सांगितले. माझा जोडीदार त्या दिवशी बरोबर होता. आम्ही बारा वर्षे एकत्र आहोत आणि आमच्यापैकी कोणीही मृत्युपत्र केलेले नाही. आम्ही एकमेकांकडे पाहायचे टाळले. त्यानंतर एका सद्गृहस्थांनी प्रश्न म्हणून नऊ मिनिटांचे भाषण केले आणि दोन आयांना विचारायचे प्रश्न तसेच राहिले.

आणखी एक उणीव मला फार जाणवली. मराठीत हा विषय आजचा नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चे आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते येते. आणि रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ज्या प्राध्यापकांच्या खोलीत २०१० च्या फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन माणसे घुसली, ज्यांना समलिंगी संबंधांवरून निलंबित केले गेले, १ एप्रिलला उच्च न्यायालयाने ज्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि ७ एप्रिलला जे आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले, ते डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस तेथे मराठी शिकवत होते आणि मराठीत कविता लिहीत होते. यांतले चित्रपट दाखवायला हवे होते असे मी म्हणत नाही, हक्क मिळवणे खर्चाचे असते. पण कार्यक्रमपत्रिकेचे एक पान याला देता आले असते. बदलापूरहून आलेल्या वीस वर्षांच्या पोराला आपल्या भाषेत आपल्याआधी कोण कोण होते हे कळण्यासाठी तेवढे पुरले असते. त्या पानावर प्रायोजक दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे पण अरुंद, चाकांची खुर्ची जेमतेम मावते. स्वच्छतागृहांवरच्या पाट्या झाकून 'सर्वांसाठी' असे लिहिले होते आणि तेथे कोणाचीही अडचण झालेली दिसली नाही. सत्रे वेळापत्रकापेक्षा सरासरी अर्धा तास उशिरा सुरू झाली, त्यामुळे रविवारी कर्जत-कसाऱ्याकडे आणि ट्रान्स-हार्बरने पनवेलकडे जाणारे काही जण चर्चा अर्धवट टाकून स्थानकाकडे धावले. एकटे यायला संकोच वाटत असेल तर तसे अर्जात लिहिता येते. मग एक स्वयंसेवक तुम्हाला स्थानकावर भेटतो, महोत्सवाचे चिन्ह अंगावर न मिरवता. पहिल्या खेपेला येणाऱ्यांनी रविवार निवडावा, आणि खुर्ची पहिल्या तीन रांगांत पकडावी. मी पुढच्या वर्षी नक्की जाणार आहे. फितीचा रंग कोणता घ्यायचा ते अजून ठरलेले नाही.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आत आले. आम्ही दोघेही आकडे बदलताना पाहत होतो. तळमजला आला तसे ते दरवाजाकडे पाहत म्हणाले, "नंतर आवाज सुधारला का हो?"

"मध्यंतरानंतर सुधारला," मी म्हणालो.

"अरे, मग थांबायला हवं होतं," असे म्हणून ते आपल्या गाडीकडे गेले.